रीत आणि माल : मोटारीच्या धंद्यातील एक झुंज



१९४८ सालच्या १ जूनला पुण्याहून नगरला एस.टी.ची पहिली गाडी सुटली. ती बेडफर्ड बनावटीची होती. एस.टी.च्या त्या सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्डबरोबर शेव्हरोले आणि फोर्डसन या बनावटींच्या गाड्याही धावत. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींनी त्या गाड्यांतून घाटाघाटांत धक्के खाल्ले; परंतु बेडफर्ड आणि शेव्हरोले ही जनरल मोटर्स या एकाच अमेरिकन घराण्याची लेकरे, आणि फोर्डसन हे त्या घराण्याच्या हाडवैऱ्याचे, फोर्डचे, ही गोष्ट त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असेल. या दोन घराण्यांत १९२० नंतरच्या दहा वर्षांत जी झुंज झाली, तिची हकीकत आज सांगावयाची आहे.

हकीकत मोटारींची असली तरी प्रश्न कोणत्याही धंद्याचा आहे. प्रत्येक धंद्याला दोन चिंता असतात. पहिली चिंता रीतीची : माल कसा करावा, कमी वेळात, कमी खर्चात आणि प्रत्येक वेळी सारखाच कसा उतरेल. दुसरी चिंता मालाची : काय करावे, ते कोणाला हवे आहे, आणि आज हवे आहे ते उद्याही हवेसे वाटेल काय. रीतीला सारखेपणा आवडतो. मालाला पालट हवा असतो. एकाच घरात नांदणाऱ्या या दोन सुनांपैकी एकीचेच ऐकणाऱ्या घराचे काय होते, हे या इतिहासात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते.

हेन्री फोर्डने आपली मोटार कंपनी १९०३ साली डेट्रॉइट शहरी काढली. त्या काळी मोटार म्हणजे श्रीमंतांचा शौक होता. शेतकऱ्याला, शिक्षकाला, लहान दुकानदाराला परवडेल अशी एकच गाडी करावी, या ध्यासाने फोर्डने १९०८ च्या ऑक्टोबरात ‘मॉडेल टी’ बाजारात आणली. तिची किंमत ८५० डॉलर होती. अमेरिकेतील खेड्यांचे रस्ते तेव्हा आपल्या पावसाळी गाडीवाटांसारखेच चिखलाचे. मॉडेल टी उंच, हलकी आणि काटक होती. तिचे पोलाद उत्तम प्रतीचे होते, आणि ती बिघडली तर शेतकरी स्वतःच्या हत्यारांनी ती दुरुस्त करू शके. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फोर्डचा आरंभ रीतीपासून झालेला नाही, तो मालापासून झाला आहे. गिऱ्हाइकाची नड त्याने इतरांपेक्षा अधिक नेमकी ओळखली, आणि ती ओळख खरी ठरली म्हणूनच पुढच्या रीतीला अर्थ आला.

मागणी वाढली आणि फोर्डचे सारे लक्ष रीतीकडे वळले. १९१० साली हायलंड पार्क येथे त्याचा नवा कारखाना सुरू झाला. १९१३ च्या वसंतात तेथे एक प्रयोग झाला. इंजिनातील ठिणगी पाडणारा मॅग्नेटो नावाचा भाग एक कामगार पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवी. त्याला सुमारे २० मिनिटे लागत. ते काम २९ तुकड्यांत वाटून माणसे ओळीने उभी केली, तेव्हा हिशेबी वेळ १३ मिनिटांवर आला. कामाची फळी ८ इंच उंच केली, माणसांचे वाकणे वाचले, आणि वेळ ७ मिनिटांवर आला. पुढे फळीला चालती साखळी लावली तेव्हा तो ५ मिनिटांवर उतरला. हीच युक्ती गाडीच्या सांगाड्याला लावल्यावर १२ तास २८ मिनिटांचे काम १ तास ३३ मिनिटांत होऊ लागले. कामगार कामापाशी जात असे, ते आता काम कामगारापाशी येऊ लागले. उद्योगाच्या इतिहासात एवढ्या थोड्या काळात एवढी मोठी बचत क्वचितच घडली असेल.

या रीतीची किंमतही होती, आणि ती आधी कामगारांनी मोजली. दिवसभर एकच खिळा ठोकायचा, एकच चाकी आवळायची, हे माणसांना सोसेना. १९१३ साली सुमारे १४ हजार कामगार कामावर राखण्यासाठी फोर्डला वर्षभरात ५२ हजारांवर माणसे भरती करावी लागली. कारखाना माणसांनी भरे आणि चाळणीसारखा गळे. तेव्हा १९१४ च्या जानेवारीत फोर्डने नऊ तासांचा दिवस आठ तासांचा केला आणि रोज ५ डॉलर देऊ केले. तोवरच्या मजुरीच्या हे दुपटीहून अधिक होते. जग चकित झाले. पैसा वाढला, माणसे टिकली, आणि गाडी करणाराच गाडी घेऊ शकेल असे दिवस आले.

रीत चोख ठेवण्यासाठी फोर्डने मालातला सारा फरक काढून टाकला. एक सांगाडा, एक इंजिन, आणि १९१४ पासून १९२५ पर्यंत एकच रंग, काळा. फरक नसला की यंत्रेही एकेका कामापुरती करता येतात : एक यंत्र एकच भोक पाडील, पण ते हजारो वेळा अचूक पाडील. किंमत उतरत गेली. १९२५ साली दोन माणसांची उघडी मॉडेल टी २६० डॉलरना मिळू लागली. १९२१ साली अमेरिकेतील निम्म्याहून अधिक गाड्या एकट्या फोर्डच्या होत्या. १९२३ साली त्याने १८ लाखांहून अधिक गाड्या केल्या. एवढे यश पाहून, या माणसाचे कोठे काही चुकत असेल असे कोण म्हणेल ?

आता दुसऱ्या घराकडे वळू. जनरल मोटर्सची स्थापनाही १९०८ सालचीच. संस्थापक विल्यम ड्युरंट हा घोडागाड्यांच्या धंद्यातून आलेला साहसी व्यापारी. त्याने ब्युइक, ओल्ड्स्‌मोबील, कॅडिलॅक, ओकलंड, आणि पुढे शेव्हरोले, अशा एकामागून एक कंपन्या एका छत्राखाली आणल्या. माल पुष्कळ झाला, पण रीत कोणतीच नव्हती. कोणाजवळ किती पोलाद पडून आहे, कोणाच्या किती गाड्या खपल्याविना उभ्या आहेत, याचा एकत्र हिशेब नव्हता. ज्या कंपन्या एकाच घरच्या, त्या एकमेकींचेच गिऱ्हाईक पळवीत. १९२० साली मंदी आली आणि ड्युरंटला घर सोडावे लागले. १९२१ साली मोटारींच्या बाजारात या कंपनीचा वाटा जेमतेम आठवा हिस्सा होता, आणि फोर्डशी सामना द्यायची ती शेव्हरोले शेकडा ४ वर होती.

ते विस्कळित घर सावरणारा गृहस्थ म्हणजे आल्फ्रेड स्लोन. हा शिक्षणाने विजेचा अभियंता. पूर्वी मोटारीला लागणारे बेअरिंग करण्याचा कारखाना चालवीत असे. १९२३ साली तो कंपनीचा अध्यक्ष झाला. त्याच्या पुढाकाराने १९२१ सालीच एक धोरण ठरले होते. प्रत्येक ऐपतीच्या माणसासाठी एक गाडी असावी, या गाड्यांच्या किमतींची शिडी असावी, आणि घरच्या दोन गाड्या एका पायरीवर येऊन भांडू नयेत. शेव्हरोलेने फोर्डपेक्षा स्वस्त होण्याचा नाद करू नये. फोर्डच्या किंचित वर राहून गिऱ्हाइकाला थोडे अधिक द्यावे, म्हणजे थोडे अधिक पैसे देण्यास तो तयार होईल.

मात्र जनरल मोटर्स पहिल्यापासून शहाणी होती असे कोणी समजू नये. त्याच १९२३ साली तिचेही हात भाजले, आणि तेही अगदी उलट कारणाने. तिच्याजवळ चार्ल्स केटरिंग नावाचा मोठा कल्पक संशोधक होता. हातदांडा न फिरवता गाडी सुरू करणारा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर आला, तो त्याचाच. त्याने पाण्याऐवजी तांब्याच्या पात्यांवरून हवा खेळवून थंड होणारे इंजिन काढले. ना रेडिएटर, ना पाणी, ना हिवाळ्यात पाणी गोठण्याची भीती. वरिष्ठांना कल्पनेची भुरळ पडली. हे इंजिन शेव्हरोलेत बसवायचे ठरले, आणि १९२३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ही गाडी झळकली. पण कारखान्याच्या माणसांना ते इंजिन हजारोंनी आणि सारखे करणे जमेना. प्रयोगशाळेत धावणारे इंजिन रस्त्यावर तापू लागले. एकूण ७५९ गाड्या झाल्या. त्यांतील २३९ कारखान्यातच मोडीत निघाल्या. ५०० च्या आसपास बाहेर पडल्या, त्यांतील १०० जेमतेम गिऱ्हाइकांच्या हाती गेल्या. आणि जूनमध्ये त्या सर्व परत बोलावण्यात आल्या. माल पुढे धावला आणि रीत मागे राहिली, म्हणजे काय होते त्याचा हा धडा.

पण या धड्यानंतर घरात काय झाले ते अधिक पाहण्यासारखे आहे. केटरिंग दुखावला, राजीनामा देण्यास निघाला. संशोधकाचे म्हणणे की कारखान्याने मन लावून काम केले नाही; कारखान्याचे म्हणणे की कच्ची वस्तू आमच्या गळ्यात मारली. स्लोनने दोघांपैकी कोणालाच घालवले नाही. नव्या इंजिनाचा प्रयोग निराळा चालू ठेवण्याची वाट त्याने केटरिंगला करून दिली आणि शेव्हरोलेला जुन्या, खात्रीच्या इंजिनावर गाडी सुधारण्यास मोकळे केले. प्रयोगाचे पुढे काही झाले नाही, पण माणूस घरात राहिला. आणि कच्च्या कल्पनेवर चालता कारखाना पणाला लावायचा नाही, हे घराला कळले.

मधल्या काळात बाजार बदलत होता. ज्याने १९१५ साली आयुष्यातील पहिली गाडी घेतली, तो १९२४ साली दुसरी घ्यायला निघाला. पहिल्या गाडीच्या वेळी त्याला घोड्यापेक्षा बरे काही हवे होते. दुसऱ्या वेळी त्याला पहिल्या गाडीपेक्षा बरे काही हवे होते. रस्ते सुधारले होते. थंडीपावसातही गाडी वापरायची म्हणून लोक बंद गाड्या मागू लागले. १९२४ साली खपणाऱ्या गाड्यांत बंद गाड्या शेकडा ४३ होत्या, त्या १९२७ साली शेकडा ८५ झाल्या. मॉडेल टीचा हलका सांगाडा उघड्या गाडीसाठी आखलेला. त्यावर जड बंद पेटी बसवली की गाडी कुथू लागे. लवकर वाळणारा नवा रंग निघाल्याने जनरल मोटर्सच्या गाड्या रंगीबेरंगी झाल्या. १९१९ सालीच तिने हप्त्याने गाडी देण्यासाठी वेगळी कंपनी काढली होती. हप्त्यावर फोर्डचा विश्वास नव्हता. त्याने १९२३ साली योजना काढली ती अशी की, आठवड्याला ५ डॉलर साठवीत जा, पुरते पैसे जमले की गाडी घेऊन जा. म्हणजे तेथे गाडी घेऊन पैसे फेडायचे, आणि येथे पैसे भरून गाडीची वाट पाहायची ! शिवाय जुन्या गाड्यांचा बाजार उभा राहिला होता. नव्या मॉडेल टीच्या किमतीत दोन वर्षे वापरलेली, बंद, चांगल्या दिसण्याची दुसरी गाडी मिळे. स्वस्ताईचा जो किल्ला फोर्डने बांधला होता, त्याला असे मागच्या बाजूने भगदाड पडले.

हे फोर्डच्या घरात कोणाला दिसत नव्हते काय ? दिसत होते. अर्नेस्ट कॅन्झलर हा कंपनीतील मोठा अधिकारी. फोर्डचा मुलगा एडसेल याचा तो साडू. १९२६ च्या जानेवारीत त्याने हेन्री फोर्डला एक लांबलचक, अतिशय नम्र टिपण लिहिले : आपली गाडी मागे पडत आहे, नवी गाडी काढल्याविना गत्यंतर नाही. काही महिन्यांतच कॅन्झलरला घरचा रस्ता दाखवण्यात आला. १९१९ सालीच फोर्ड कुटुंबाने इतर भागीदारांचे सारे भाग विकत घेतले होते. त्यामुळे मालकाला अडवणारे कोणी उरले नव्हते. उत्पादनाच्या कामात मुरलेला विल्यम नुडसेन हा कर्तबगार माणूस तर १९२१ सालीच फोर्डला सोडून गेला होता. पुढच्या वर्षी तो जनरल मोटर्समध्ये शिरला, आणि १९२४ साली शेव्हरोलेचा प्रमुख झाला.

शेवट १९२७ साली आला. २६ मे रोजी दीड कोटीवी मॉडेल टी कारखान्यातून बाहेर पडली, आणि त्याच सुमारास गाडीचे उत्पादन बंद झाले. नवी गाडी तयार नव्हती, तिचे आराखडे पुरे नव्हते. एकेका कामापुरती केलेली हजारो यंत्रे नव्या गाडीच्या उपयोगाची नव्हती. ती काढायची, बदलायची, नवी मांडायची. महिनेच्या महिने कारखाना थंड पडला. एकट्या डेट्रॉइटमध्ये ६० हजारांच्या आसपास कामगार बेकार झाले. ज्यांना एके काळी ५ डॉलर रोज मिळाला म्हणून जगाने वाहवा केली, त्यांच्याच चुली विझल्या. मालकाच्या आग्रहाची शिक्षा मालकाला पैशात झाली, कामगारांना ती भाकरीत झाली. डिसेंबरात नवी ‘मॉडेल ए’ आली खरी, आणि ती चांगलीही होती. पण त्या वर्षी शेव्हरोलेने फोर्डला मागे टाकले होते. १९२९ आणि १९३० साली फोर्डने पुन्हा आघाडी घेतली, १९३१ साली ती पुन्हा गेली, आणि पहिले एकछत्री राज्य काही परत आले नाही.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. १९२८ च्या शरदात शेव्हरोलेने चार सिलिंडरांचे इंजिन टाकून सहा सिलिंडरांचे आणले. हा बदलही लहान नव्हता. पण कारखाना बंद राहिला तो सुमारे तीन आठवडे. हे कसे साधले ? नुडसेनने फोर्डची रीत टाकली नव्हती. चालती ओळ, अचूक मापे, कामाची वाटणी, हे सारे त्याने फोर्डकडूनच आणले होते. त्याने बदलली ती यंत्रे. एकाच कामाला जखडलेल्या यंत्रांऐवजी वेगवेगळी कामे करू शकतील अशी भक्कम यंत्रे त्याने घातली. आमच्या माताभगिनींना हे चटकन कळेल. करंजीच्या साच्यातून करंजीच निघते. सोऱ्याचे तसे नाही. चकती बदलली की त्याच सोऱ्यातून शेव निघते आणि चकलीही निघते. फोर्डने जगातला सर्वांत मोठा साचा केला. नुडसेनने सोऱ्या केला.

मालाच्या बाजूनेही जनरल मोटर्सने असाच समजूतदारपणा दाखवला. १९२६ साली तिने शेव्हरोले आणि ओल्ड्स्‌मोबील यांच्या मधल्या पायरीवर पॉन्टिॲक नावाची नवी गाडी काढली. पण तिचे पुष्कळ भाग शेव्हरोलेशी जुळते ठेवले. गिऱ्हाइकाला वाटे की ही निराळी गाडी. कारखान्याला मात्र ती बरीचशी ओळखीची होती. आवडनिवड जेथे डोळ्यांना दिसते तेथे फरक, आणि जेथे दिसत नाही तेथे सारखेपणा, अशी ही वाटणी होती.

येथे कोणी विचारील की, मग फोर्ड चुकला असेच म्हणायचे ना ? आमचे उत्तर असे की, १९१४ साली तो बरोबर होता आणि १९२४ साली तोच आग्रह चूक ठरला. ज्या काळी गाडी कोणाजवळच नव्हती, त्या काळी सर्वांना एकसारखी, स्वस्त गाडी देणे हीच गिऱ्हाइकाची खरी सेवा होती. गाडी घरोघर पोहोचली आणि प्रश्न पालटला. फोर्डनेच बाजार घडवला, आणि आपण घडवलेला बाजार त्याला ओळखू आला नाही. यशाने माणसाला पहिले उत्तर इतके पाठ होते की प्रश्न बदलल्याचे कळतच नाही.

जिंकलेले घरही कायमचे शहाणे राहत नाही. दरसाल नवे रूप देण्याची जनरल मोटर्सची हौस पुढे पुढे नुसत्या नटव्या पालटावर येऊन ठेपली. जपानातील टोयोटा कंपनी अमेरिकेचे कारखाने पाहून शिकली, आणि तिने सोऱ्याची चकती बदलण्याचा वेळच कमी करीत आणला. मोठ्या दाबयंत्राचा साचा बदलण्यास तास लागत, ते काम तिने १९७० च्या सुमारास मिनिटांवर आणले. १९८४ साली कॅलिफोर्नियात टोयोटाबरोबर कारखाना चालवून जनरल मोटर्सला तिच्या रीतीचे धडे घ्यावे लागले, आणि १ जून २००९ रोजी तिने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला.

या घराण्यांचा आमच्या दाराशीही संबंध आला. फोर्डची हिंदुस्थानातील कंपनी १९२६ ची. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीने येत आणि गाडी येथे उभी राही. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवले की नुसती जुळणी नको, भाग येथेच करा. तेव्हा दोघांनीही गाशा गुंडाळला. पुढे दोघेही परत आले. पुण्याजवळ तळेगावला २००८ साली जनरल मोटर्सचा कारखाना निघाला. २०१७ अखेर तिने भारतातील विक्री थांबवली, आणि २०२० च्या डिसेंबरात तळेगावचे उत्पादनही थांबले. २०२१ साली फोर्डनेही येथील गाड्यांचे उत्पादन आवरते घेण्याचे जाहीर केले. तळेगावच्या कामगाराला नोकरी गेल्याचे जे दुःख झाले, ते १९२७ च्या डेट्रॉइटच्या कामगाराच्या दुःखाहून निराळे नव्हते.

सारांश, रीत आणि माल यांचा तोल एकदा साधला म्हणजे झाले, असे नसते. तो सायकलच्या तोलासारखा चालता चालताच सांभाळायचा असतो. त्यासाठी या इतिहासातून आम्हाला दोन कसोट्या दिसतात. उद्या माल बदलावा लागला तर आपली रीत किती दिवस बंद पडेल, हा प्रश्न दुकानदाराने, कारखानदाराने, छापखान्याच्या मालकाने दर वर्षी स्वतःला विचारावा. आणि दुसरी कसोटी त्याहून अवघड आहे. आपल्या घरात कॅन्झलरचे टिपण लिहिणारा कोणी आहे काय, आणि ते लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी त्याची जागा शिल्लक राहते काय ? केटरिंग चुकला तरी घरात राहिला. कॅन्झलर बरोबर असूनही बाहेर गेला. दोन घरांतील खरा फरक आम्हाला तेथे दिसतो. यंत्रे विकत घेता येतात, आराखडे नक्कल करता येतात. पण मालकाला अप्रिय सत्य सांगणारा माणूस टिकवणे हे ज्याचे त्यालाच करावे लागते, कारण मालक चुकला तर भाकरी अनेकांची जाते.